ज्याँ रूश आणि त्यांचे नायजरकाठचे सोबती

ज्याँ रूश यांचा जन्म ३१ मे १९१७ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील ज्यूल रूश नौदलातील अधिकारी आणि हवामानशास्त्रज्ञ होते. फ्रेंच संशोधक शार्को यांच्या अंटार्क्टिक मोहिमेत ते सहभागी झाले होते आणि पुढे मोनाकोच्या सागरविज्ञान संग्रहालयाचे संचालक झाले. वडिलांच्या बदल्यांमुळे रूश यांचे बालपण एका गावात गेले नाही. ब्रेस्त बंदरात असताना वडिलांनी त्यांना ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ हा माहितीपट दाखवला आणि आईने डग्लस फेअरबँक्सचा ‘रॉबिन हूड’. या दोन चित्रपटांची आठवण ते म्हातारपणापर्यंत सांगत. नोंद आणि कल्पित या दोन टोकांमध्ये पुढे त्यांचा सगळा सिनेमा वावरला, तेव्हा या आठवणीला थोडी पश्चातबुद्धीची झिलई असेलही.

शिक्षण मात्र ना सिनेमाचे, ना समाजशास्त्राचे. पूल आणि रस्ते बांधायला शिकवणाऱ्या पॅरिसच्या नामांकित विद्यालयातून ते स्थापत्य अभियंता झाले. १९४० साली जर्मन फौजा फ्रान्समध्ये घुसल्या, तेव्हा बांधायला शिकलेले पूल उडवून देण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले. पराभवानंतर व्यापलेल्या पॅरिसमध्ये त्यांनी मार्सेल ग्रिओल यांची मानववंशशास्त्रावरील व्याख्याने ऐकली. डोगॉन लोकांचा अभ्यास करणारे ग्रिओल हे त्या काळातील फ्रेंच मानववंशशास्त्रातले मोठे प्रस्थ होते. देशात घुसमट होत होती आणि वसाहतींमध्ये अभियंत्यांची गरज होती. १९४१ च्या अखेरीस रूश सार्वजनिक बांधकाम खात्याची नोकरी पत्करून पश्चिम आफ्रिकेतील नायजरच्या राजधानीत, निआमे येथे पोहोचले.

हाताखाली सक्तीने आणलेले मजूर आणि समोर आखायचा रस्ता, असे ते काम होते. १९४२ मध्ये या रस्त्यावर वीज कोसळून दहा मजूर दगावले. काय करावे हे साहेबाला सुचेना. त्यांच्या हाताखाली दामुरे झिका नावाचा एक तरुण होता. नदीवर मासेमारी करणाऱ्या सोर्को जमातीचा हा मुलगा आणि रूश यांची ओळख नायजर नदीत पोहताना झाली होती. असल्या गोष्टी आपली आजी जाणते, असे त्याने सांगितले. आजी कालिया यांनी विधी मांडला. ढोल वाजले, नाचणाऱ्यांच्या अंगात आले आणि मेघगर्जनेचा देव डोंगो त्यांच्या तोंडून बोलू लागला. देव अंगात येणे ही गोष्ट मराठी वाचकाला नवी नाही. पॅरिसच्या अभियंत्याला मात्र ती पूर्णपणे नवी होती. त्यांनी टिपणे काढून ग्रिओल यांच्याकडे धाडली. तिकडून प्रश्नावली आली. पुढे नायजर नदीकाठच्या सोंघाय लोकांचा धर्म आणि जादूविद्या हाच त्यांच्या प्रबंधाचा विषय झाला.

नायजरमधील प्रशासन तेव्हा जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारशी निष्ठावान होते. द गॉल यांचा समर्थक असल्याच्या संशयावरून रूश यांची रवानगी डाकारला झाली. तेथे थिओडोर मोनो यांच्या आफ्रिकाविषयक संशोधन संस्थेचा त्यांना आधार मिळाला. पुढे ते स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यातून जर्मनीपर्यंत गेले. युद्ध संपल्यावर अभियंत्याची नोकरी त्यांनी कायमची सोडली.

१९४६ साली पिएर पोंती आणि ज्याँ सोवी या दोन जुन्या सहाध्यायांबरोबर रूश यांनी नायजर नदी उगमापासून समुद्रापर्यंत होडीने उतरण्याचा बेत केला. प्रवास सुमारे चार हजार किलोमीटरचा होता. खर्च भागवण्यासाठी तिघांनी मिळून ‘ज्याँ पिएर्जाँ’ या एकाच नावाने वर्तमानपत्रांना लेख पाठवले. निघण्यापूर्वी पॅरिसच्या जुन्या बाजारातून रूश यांनी १६ मिलिमीटरचा बेल अँड हॉवेल कॅमेरा विकत घेतला होता. प्रवासाच्या सुरुवातीलाच त्याची तिवई नदीत गेली. त्या काळी तिवईशिवाय चित्रीकरण करणे म्हणजे अडाणीपणा मानला जाई, पण आता दुसरा इलाज नव्हता. कॅमेरा हातात धरूनच काम सुरू झाले. हा कॅमेरा चावीचा होता आणि एकदा चावी दिली की फार तर २५ सेकंद चाले. मग पुन्हा चावी देणे आले. तेवढ्या वेळात पुढचे दृश्य कोठून घ्यायचे हे ठरवावे लागे, जागा बदलावी लागे. हातातला कॅमेरा आणि चालता चालता मनात होणारे संकलन ही रूश यांची ओळख बनलेली शैली अशी अडचणीतून आली. तिचे तत्त्वज्ञान नंतर मांडले गेले.

या प्रवासातील चित्रफीत एका वृत्तपट कंपनीने विकत घेतली. कंपनीने तिच्यावर भडक संगीत चढवले, क्रीडा समालोचकाच्या थाटातले निवेदन बसवले आणि ‘काळ्या मांत्रिकांच्या देशात’ अशा अर्थाच्या नावाने ती १९४७ मध्ये दाखवली. पाणघोड्याची शिकार आणि अंगात येण्याचा विधी यांचा तमाशा झाला. त्यानंतर निवेदन आणि संकलन दुसऱ्याच्या हाती न देण्याकडे रूश यांचा कल राहिला. याच सुमारास राष्ट्रीय वैज्ञानिक संशोधन केंद्रात त्यांना संशोधकाची जागा मिळाली. पगार संशोधनाचा आणि उद्योग सिनेमाचा अशी ही व्यवस्था पुढे आयुष्यभर टिकली. १९४९ मध्ये बियारित्झच्या महोत्सवात त्यांच्या लघुपटाला पारितोषिक मिळाले. १९५२ मध्ये त्यांनी प्रबंध पूर्ण केला आणि त्याच सुमारास पॅरिसच्या मानव संग्रहालयात मानववंशशास्त्रीय चित्रपटांसाठी समिती उभी केली.

पुढचा धडा त्यांना शिकाऱ्यांनी दिला. पाणघोड्याच्या शिकारीवर त्यांनी पुन्हा, या वेळी स्वतःच्या मनासारखा, चित्रपट केला होता. तो घेऊन ते १९५४ मध्ये नदीकाठच्या आयोरू गावी गेले आणि पांढऱ्या चादरीच्या पडद्यावर तो दाखवला. गावकऱ्यांना पडद्यावरची भाषा कळायला वेळ लागला नाही. निधन पावलेली माणसे दिसली तेव्हा ते रडले. मग चित्रपट पुन्हा पुन्हा लावायला सांगून ते चुका काढू लागले. सर्वात मोठा आक्षेप संगीतावर होता. शिकारीच्या ऐन प्रसंगात रूश यांनी शिकाऱ्यांचेच पारंपरिक गीत घातले होते, म्हणजे आपल्या समजुतीप्रमाणे मोठी काळजी घेतली होती. शिकाऱ्यांचे म्हणणे साधे होते. पाणघोड्याचे कान तिखट असतात, एवढा गलबला ऐकून तो थांबेल का? शिकार मुकाट्यानेच करायची असते. रूश यांनी संगीत काढून टाकले. त्याच बैठकीत दुसऱ्या भागातल्या एका माणसाने सिंहाच्या शिकारीवर चित्रपट करण्याचे आमंत्रण दिले. धनुष्यबाणाने होणाऱ्या त्या शिकारीचे चित्रीकरण अनेक वर्षे रखडत चालले आणि तो चित्रपट १९६५ मध्ये व्हेनिसला गौरवला गेला. ज्यांचे चित्रण केले त्यांनाच ते आधी दाखवायचे आणि त्यांच्या टीकेवर पुढचे काम उभारायचे, या पद्धतीला रूश सामायिक मानववंशशास्त्र म्हणत. छापील प्रबंध जे करू शकत नव्हता ते चित्रपटाने साधले होते. लिहिता-वाचता न येणारा माणूसही आता अभ्यासकाला त्याची चूक तोंडावर सांगू शकत होता.

आयोरूच्या खेळाच्याच वर्षी, १९५४ मध्ये, ब्रिटिशांच्या ताब्यातील गोल्ड कोस्टमध्ये, आजच्या घानात, त्यांनी ‘ले मेत्र फू’ म्हणजे ‘वेडे धनी’ चित्रित केला. आक्रा शहरात पोट भरायला आलेल्या सोंघाय मजुरांमध्ये हाउका नावाचा पंथ होता. १९२० च्या दशकात नायजरमध्ये उगम पावलेल्या या पंथाच्या अनुयायांच्या अंगात जुने देव येत नसत. त्यांच्या अंगात गव्हर्नर, जनरल, रेल्वे इंजिनाचा चालक, पहाऱ्यावरचा शिपाई, डॉक्टरची बायको असे वसाहतीचे धनी येत. विधीची नोंद व्हावी ही पंथाच्या पुढाऱ्यांचीच इच्छा होती. चित्रपटात माणसांच्या तोंडाला फेस येतो. ते लाकडी बंदुका घेऊन संचलन करतात, जळते पलिते अंगावर फिरवतात, कुत्रा मारून शिजवतात आणि उकळत्या रश्श्यात हात घालून खातात. गव्हर्नरच्या लाकडी पुतळ्याच्या डोक्यावर अंडे फोडले जाते आणि लगेच पडद्यावर येते लष्करी कवायत पाहणाऱ्या खऱ्या गव्हर्नरची पिसांची टोपी. अंड्याचा पांढरा-पिवळा ओघळ आणि टोपीवरची पांढरी पिसे इतकी जवळजवळ बसतात की निवेदन नसते तरी चालले असते.

पॅरिसच्या मानव संग्रहालयातील पहिल्या खासगी खेळात गोंधळ उडाला. ग्रिओल संतापले आणि चित्रपट नष्ट करावा असे त्यांनी बजावले. उपस्थित आफ्रिकी बुद्धिवंतांनाही तो नको होता, पण त्यांचे कारण वेगळे होते. फेस गाळणारे, कुत्रा खाणारे काळे लोक पाहून युरोपीय प्रेक्षक काय समजणार आहे, हा त्यांचा सवाल होता. ब्रिटिश सरकारने गोल्ड कोस्टमध्ये चित्रपटावर बंदी घातली. गव्हर्नरांचा अपमान आणि प्राण्यांशी क्रूरता ही कारणे दिली गेली. रूश यांनी चित्रपट जाळला नाही. १९५७ मध्ये व्हेनिसला त्याला पुरस्कार मिळाला, पण प्रदर्शनावर त्यांनी स्वतःच बरीच वर्षे मर्यादा ठेवली. त्यातली खरी कमजोर बाजू शेवटाकडे दिसते. दुसऱ्या दिवशी हीच माणसे आक्राच्या मनोरुग्णालयासमोर शांतपणे खड्डे खणताना दिसतात आणि रूश यांचे निवेदन हा विधी म्हणजे त्यांचा औषधोपचारच असावा असे सुचवते. वसाहतीच्या सत्तेची टिंगल समोर ढळढळीत दिसत असताना तिला उपचाराच्या खात्यात टाकणे हा अभ्यासकाचा भिडस्तपणा म्हणावा लागेल.

‘ले मेत्र फू’वर झालेल्या टीकेतून रूश नृत्य आणि विधींकडून शहरातल्या स्थलांतरितांकडे आणि सरळ कल्पित कथेकडे वळले. ‘जाग्वार’ची सुरुवात १९५४ मध्येच झाली होती. दामुरे, फुलानी गुराखी लाम इब्राहिमा दिया आणि सोर्को मच्छीमार इलो गाउदेल हे तिघे मित्र नशीब काढायला पायी गोल्ड कोस्टला जातात आणि काही महिन्यांनी गावी परततात, एवढीच गोष्ट. संहिता नव्हती. प्रत्येक प्रसंग त्या त्या जागी ठरे. सोबत आवाज घेण्याची सोय नव्हती, म्हणून १९५७ मध्ये आक्राच्या एका स्टुडिओत दामुरे आणि लाम यांना संकलित दृश्ये दाखवली गेली. ती पाहता पाहता दोघे बोलत सुटले. एकमेकांची चेष्टा, फुशारक्या, आठवणी, सगळे ध्वनिमुद्रित झाले आणि तेच चित्रपटाचे निवेदन ठरले. अंतिम प्रत तयार व्हायला १९६७ साल उजाडले. तोवर तिघांनी ओलांडलेल्या वसाहती स्वतंत्र देश झाल्या होत्या.

‘मुआ, अं न्वार’ म्हणजे ‘मी, एक काळा माणूस’ हा १९५८ चा चित्रपट याच वाटेने गेला. आयव्हरी कोस्टमधील आबिजान शहराच्या त्रेशव्हिल वस्तीत रोजंदारीवर जगणाऱ्या नायजरच्या तरुणांचा एक आठवडा त्यात आहे. मुख्य पात्र स्वतःला हॉलिवुडच्या एडवर्ड जी. रॉबिन्सनचे नाव लावते आणि त्याचा मित्र पडद्यावरच्या गुप्तहेराचे, एडी कॉन्स्टंटिनचे. रॉबिन्सन झालेला उमारू गांदा फ्रेंच सैन्यातून इंडोचायनाच्या युद्धात लढून आला होता. बंदरावर हमाली करणारा हा माणूस खाडीकाठी चालता चालता लढाईची नक्कल करतो. फ्रान्ससाठी सगळे केले आणि हाती काही आले नाही, हे त्याच्या तोंडून ऐकताना प्रेक्षकाला माहितीपट आणि अभिनय यांतली सीमा सापडत नाही. चित्रपटाला फ्रान्समधील लुई देल्यूक पारितोषिक मिळाले. पुढे दिग्दर्शक झालेले ज्याँ-ल्यूक गोदार यांनी त्यावर भरभरून लिहिले. फ्रेंच नवप्रवाहातील रस्त्यावरचे मोकळे चित्रीकरण रूश यांचे ऋणी आहे, ही गोष्ट त्या पिढीने कधी नाकारली नाही. गांदा मात्र आपल्या या प्रतिमेवर पूर्ण समाधानी नव्हता. पुढे तो स्वतःच दिग्दर्शक झाला आणि ‘काबास्काबो’ या चित्रपटात इंडोचायनाहून परतलेल्या सैनिकाची कथा त्याने आपल्या पद्धतीने सांगितली.

१९६० च्या उन्हाळ्यात समाजशास्त्रज्ञ एदगार मोरँ यांच्या आग्रहावरून रूश यांनी कॅमेरा आपल्याच जमातीकडे वळवला. ‘क्रोनिक दँ एते’ म्हणजे ‘एका उन्हाळ्याचा वृत्तांत’ हा तो चित्रपट. पॅरिसच्या रस्त्यावर जाणाऱ्या-येणाऱ्यांना, तुम्ही सुखी आहात का, असे विचारून सुरुवात होते. मग कामगार, विद्यार्थी, कारकून यांच्या घरात आणि जेवणाच्या टेबलाशी संभाषणे रंगतात. अल्जीरियाचे युद्ध सुरू असल्याने त्याचे सावटही येते. एका जेवणात चित्रपटात सहभागी असलेल्या मार्सलिन लोरिदाँ हिच्या हातावर गोंदलेला आकडा काय आहे, असे आफ्रिकी तरुणांना विचारले जाते. नाझी छळछावणीचा तो क्रमांक आहे हे त्यांना ठाऊक नसते. पुढे मार्सलिन प्लास द ला काँकॉर्द चौकातून एकटी चालते. खांद्यावर नाग्रा ध्वनिमुद्रक आणि कोटाला मायक्रोफोन आहे. छावणीतून न परतलेल्या वडिलांशी ती हळू आवाजात बोलत राहते. कॅमेरा तिच्यापुढे मागे मागे सरकत दूर जातो. ती काय बोलली हे चित्रीकरण करणाऱ्यांना त्या वेळी ऐकूही आले नव्हते.

हे दृश्य शक्य झाले ते यंत्रांमुळे. आंद्रे कुताँ यांनी एक्लेअर कंपनीसाठी हलक्या, कमी आवाज करणाऱ्या कॅमेऱ्याचा नमुना तयार केला होता. काम चालू असतानाच त्यात दुरुस्त्या होत होत्या. कॅनडातील क्वेबेकचे मिशेल ब्रो यांना मुद्दाम बोलावण्यात आले, कारण रुंद कोनाचे भिंग लावून कॅमेऱ्यासह चालण्याची कला त्यांना अवगत होती. सुमारे २५ तासांच्या चित्रणातून दीड तासाचा चित्रपट निघाला. संपादित भाग सहभागी मंडळींना दाखवला, तेव्हा कोणी म्हणाले हे निर्लज्ज आहे, कोणी म्हणाले खोटे आहे. रूश यांनी ते भांडणही चित्रपटात ठेवले. आयोरूची चादर पॅरिसला आणली गेली होती. फरक एवढाच की पाणघोड्याच्या शिकाऱ्यांची सूचना मान्य झाली होती, पॅरिसवाल्यांच्या तक्रारीवर चित्रपट बदलला नाही. १९६१ मध्ये कान महोत्सवात त्याला समीक्षकांचे पारितोषिक मिळाले. सोव्हिएत दिग्दर्शक झिगा व्हर्टोव्ह यांच्या ‘किनो-प्राव्दा’चे स्मरण ठेवून या पद्धतीला ‘सिनेमा व्हेरिते’ हे नाव पडले आणि ते जगभर पसरले.

१९६५ मध्ये सेनेगलचे दिग्दर्शक उस्मान सेंबेन आणि रूश समोरासमोर बसले. सेंबेन यांनी आफ्रिकेवर चित्रपट करणाऱ्या युरोपीयांवर जो आरोप ठेवला तो आजही रूश यांच्या नावाबरोबर उच्चारला जातो. हे लोक आम्हाला कीटकांसारखे न्याहाळतात, असे त्याचे सार. याच बैठकीत सेंबेन यांनी ‘मुआ, अं न्वार’चे कौतुकही केले, असा चित्रपट एखाद्या आफ्रिकी माणसाला करता आला असता, असेही म्हटले. हा दुसरा भाग सहसा कोणी सांगत नाही. आरोपाला रूश यांचे सर्वात मजेदार उत्तर ‘पती आ पती’ या चित्रपटात आहे. नायजरहून व्यापारी बनून आलेला दामुरे पॅरिसच्या रस्त्यावर लोकांची डोकी मोजतो, दात तपासतो, तऱ्हेवाईक प्रश्न विचारतो. मानववंशशास्त्राने आफ्रिकेत जे केले तेच तो पॅरिसवाल्यांना करून दाखवतो. याच चित्रपटात काम केलेली सेनेगलची साफी फाय पुढे मानववंशशास्त्र शिकली आणि आफ्रिकी स्त्री-दिग्दर्शकांच्या पहिल्या पिढीत तिचे नाव घेतले जाते.

विधींचे चित्रण रूश यांनी सोडले नव्हते. मालीतील बाँदियागारा कड्यावर डोगॉन लोकांचा सिगी उत्सव दर ६० वर्षांनी येतो आणि गावोगाव फिरत सात वर्षे चालतो. ग्रिओल तो न पाहताच १९५६ मध्ये वारले होते. त्यांच्या सहकारी जेरमेन दिएतर्लें यांच्याबरोबर रूश यांनी १९६७ पासून वर्षानुवर्षे तेथे जाऊन चित्रण केले. एका गावाला उत्सवाचा आपल्याकडचाच टप्पा माहीत असे, त्यामुळे सलग सिगी पहिल्यांदा दिसला तो या चित्रपटांत. मार्च १९७१ मध्ये नायजरमधील सिमिरी गावी त्यांनी ‘तुरू ए बिती’ घेतला. पिकावरची संकटे टळावीत म्हणून देवाला आवाहन सुरू होते, पण कोणाच्या अंगात येत नव्हते. जुने ढोल वाजत असताना रूश कॅमेरा घेऊन मांडवात शिरले आणि सुमारे दहा मिनिटांच्या सलग चित्रणात अंगात आले. कॅमेऱ्याच्या हजेरीनेच ते घडले असावे आणि आपणही त्या क्षणी भारावलो होतो, असे त्यांचे मत पडले. त्यातून त्यांनी चित्रपट-संचाराची कल्पना मांडली. शास्त्र म्हणून ती सैल आहे, पण वर्षानुवर्षे अशा मांडवात उभ्या राहिलेल्या माणसाची ती नोंद आहे.

अध्यापक म्हणून त्यांचे काम चित्रपटांइतकेच पसरले. नांतेर विद्यापीठात त्यांनी चित्रपटाद्वारे संशोधन करणारे डॉक्टरेटचे विद्यार्थी तयार केले. दर शनिवारी सकाळी सिनेमातेक या पॅरिसच्या चित्रपट-संग्रहालयाच्या प्रेक्षागृहात चित्रपट दाखवून त्यावर खुली चर्चा ते घेत. निआमेच्या संशोधन केंद्रात नायजरच्या तरुणांना त्यांनी कॅमेरा हाताळायला शिकवले. मुस्ताफा अलासान हे त्यांतलेच एक. नव्याने स्वतंत्र झालेल्या मोझांबिकमध्ये १९७८ मध्ये सुपर-८ फिल्मवर कार्यशाळा झाली, जिथे दिवसा घेतलेले चित्रण लगेच धुवून गावकऱ्यांना दाखवले जाई. त्याच अनुभवातून पॅरिसची आतेलिए वारां ही शाळा उभी राहिली. १९८७ ते १९९१ या काळात ते सिनेमातेकचे अध्यक्ष होते. मानववंशशास्त्रीय चित्रपटांचा त्यांनी १९८२ मध्ये सुरू केलेला वार्षिक महोत्सव आज त्यांच्या नावाने ओळखला जातो.

१८ फेब्रुवारी २००४ रोजी नायजरमधील बिर्नी-न्कोनीजवळ मोटार अपघातात रूश यांचे निधन झाले. वय ८६ होते. त्यांना निआमेत पुरण्यात आले. लाम त्यांच्या आधी, १९९७ मध्ये गेले; दामुरे २००९ मध्ये.

शंभराहून अधिक चित्रपटांच्या या पसाऱ्यात सगळे सारख्या मोलाचे नाहीत. अनेक विधीपट अभ्यासकांच्या संग्रहातच शोभतात आणि रूश यांचे स्वतःचे काव्यमय निवेदन आज कानाला जुनाट वाटते. दामुरे, लाम आणि गांदा स्वतः बोलतात ते चित्रपट मात्र अजून ताजे आहेत. रूश यांच्या कामाशी नव्याने ओळख करून घेणाऱ्याने वादग्रस्त ‘ले मेत्र फू’पासून नव्हे, तर ‘जाग्वार’पासून सुरुवात करावी.